व्हीएमचं हार्डवेअर व्हर्जन वाढवायच्या आधी सगळ्यात जुना होस्ट बघा

आमचं काम व्हीएमचं, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर (होस्टवर) सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांचं. परवा आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने विचारलं, "सर, साठेक व्हीएम अजून हार्डवेअर व्हर्जन १३ वर दिसतायत, होस्ट तर सगळे ८.० अपडेट २ वर गेलेत, मग रविवारच्या डाउनटाइममध्ये सगळ्या एकदम २१ वर नेऊन टाकू का?" प्रश्न अगदी सरळ होता आणि तिने विचारून घेतलं हे फार बरं केलं, कारण २०१९ मध्ये मी हेच कुणालाही न विचारता करून बसलो होतो. तिला अर्धा तास बसवून सगळं सांगितलं, मग वाटलं लिहूनच काढू, कारण व्हीएमवेअरवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना ईएसएक्सआय (होस्टवर बसून व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर, वरचं ८.० त्याचंच) अपग्रेड करणं आणि व्हीएमचं हार्डवेअर व्हर्जन अपग्रेड करणं ही एकाच कामाची दोन टोकं वाटतात. ती तशी नाहीत, एकदम वेगळी कामं आहेत.

आधी हे हार्डवेअर व्हर्जन म्हणजे काय ते. व्हीएमच्या आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला वाटत असतं की आपण एका खऱ्या मशीनवर बसलोय, आणि ते मशीन म्हणजे ईएसएक्सआयने उभं केलेलं एक सोंग असतं. त्यातला मदरबोर्ड इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटसारखा दिसतो, हा चिपसेट १९९८ चा आहे, आणि आजही नव्याकोऱ्या सर्व्हरवरच्या व्हीएममध्ये डोकावलं तर तेच नाव सापडतं. आता या सोंगात किती सीपीयू देता येतील, कोणता डिस्क कंट्रोलर लावता येईल, कोणतं नेटवर्क कार्ड मिळेल, प्रोसेसरची कोणती नवी फीचर्स आतल्या ओएसला दिसतील, हे सगळं एका आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा व्हीएमच्या व्हीएमएक्स या सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेला असतो. बास, एवढंच.

आकडे ज्यांना लागतात त्यांच्यासाठी: ईएसएक्सआय ४ ला व्हर्जन ७, मग ५.० ला ८, ५.१ ला ९, ५.५ ला १०, ६.० ला ११, ६.५ ला १३, ६.७ ला १४, ६.७ अपडेट २ ला १५, ७.० ला १७, त्याच्या अपडेट १ ला १८ आणि अपडेट २ ला १९, ८.० ला २० आणि ८.० अपडेट २ ला २१. मधले १२ आणि १६ कुठे गेले असं सगळेच विचारतात, ते वर्कस्टेशन आणि फ्यूजन या व्हीएमवेअरच्या लॅपटॉप-डेस्कटॉपवरच्या प्रॉडक्टच्या वाट्याला गेले. नियम एकच: नवा होस्ट जुन्या व्हर्जनची व्हीएम चालवतो, जुना होस्ट नव्या व्हर्जनची व्हीएम चालवत नाही. आणि व्हर्जन वर न्यायचं बटण आहे, खाली आणायचं नाही.

हे शेवटचं वाक्य मला २०१९ मध्ये पाठ होतं. तरीही जे झालं ते झालं.

तेव्हा एका आर्थिक संस्थेचं काम आमच्याकडे होतं, नाव सांगत नाही. मेन साइट पुण्यात, डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे मेन साइट पडली तर काम उचलणारी राखीव साइट) नागपूरला. पुण्यात नवे सर्व्हर आले आणि आम्ही ६.५ वरून ६.७ वर गेलो, व्हीसेंटर (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर), होस्ट सगळं, आणि काम इतकं सुरळीत झालं की दोन महिने आम्ही त्याच आनंदात होतो. नागपूरला मात्र जुने सर्व्हर, झिऑन ५६०० सिरीजचे, आणि ६.७ ने त्या प्रोसेसरचा सपोर्टच काढून टाकला होता, म्हणजे ते होस्ट ६.५ च्या पुढे जाऊच शकत नव्हते. नव्या हार्डवेअरचं बजेट पुढच्या वर्षावर गेलं. इथपर्यंत ठीक होतं, कारण व्हीएम सगळ्या व्हर्जन १३ च्या होत्या आणि १३ दोन्हीकडे चालतं.

मग एका संध्याकाळी मी व्हीसेंटरमध्ये सगळ्या व्हीएम सिलेक्ट केल्या आणि पुढच्या रीबूटला कंपॅटिबिलिटी (म्हणजे हेच हार्डवेअर व्हर्जन) अपग्रेड होऊ दे असं शेड्यूल करून ठेवलं. विचार असा होता की वेगळा डाउनटाइम मागायला नको, दर महिन्याला विंडोजचे पॅच लागतात, रीबूट होतातच, त्यात आपोआप होऊन जाईल. टिक लावली आणि विसरलो. डीआर माझ्या डोक्यात त्या क्षणी आलंच नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, कारण डीआरचं रनबुक (त्या वेळी काय कसं करायचं त्याची वही) मीच लिहिलेलं होतं.

तीन महिन्यांनी ड्रिल, म्हणजे पुणं गेलंय असं धरून नागपूरला सगळं उठवायची रंगीत तालीम. शनिवारची रात्र, पुण्यातल्या व्हीएम नीट शटडाउन केल्या, स्टोरेज रेप्लिकेशन (एका साइटच्या डिस्कची दुसरीकडे होणारी कॉपी) उलटं फिरवलं, नागपूरला एलयूएन (स्टोरेजचे भाग) माउंट झाले, व्हीएम रजिस्टर करायला सुरुवात झाली. नागपूरला जो मुलगा बसला होता त्याचा फोन आला, "भाऊ, डेटाबेसवाली व्हीएम चालूच होऊन नाही राहिली न, हार्डवेअर व्हर्जन सपोर्टेड नाही म्हणते." मी म्हणालो दुसरी करून बघ. दुसरी चालू झाली. तिसरी झाली. चौथी नाही. आणि या गोष्टीने आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, कारण काही चालतायत काही नाही म्हटल्यावर आम्हाला वाटलं रेप्लिकेशन अर्धवट झालं असेल, स्टोरेजवाल्यांना उठवलं, त्यांनी त्यांच्या बाजूने सगळं तपासलं, तिकडे काहीच चूक नव्हती. जवळजवळ तासाभराने मी व्हीएमएक्स फाइल उघडून बघितली आणि तिथे १४ लिहिलेलं दिसलं. मग लक्षात आलं की ज्या व्हीएम गेल्या तीन महिन्यांत पॅचिंगला रीबूट झाल्या होत्या त्या सगळ्या १४ वर गेल्यात, आणि ज्यांचं पॅचिंग कुणाच्या ना कुणाच्या विनंतीवरून पुढे ढकललं गेलं होतं त्या १३ वर राहिल्यात. म्हणजे ज्या सर्व्हरची देखभाल नीट झाली होती नेमके तेच डीआरला उठत नव्हते.

त्या रात्री आम्ही ड्रिल थांबवून पुण्याला परत येऊ शकलो असतो, कारण पुणे शाबूत होतं. पण क्लायंटच्या आयटी हेड सरांनी शांतपणे विचारलं, "आज पुणं खरंच गेलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" मग आम्ही ठरवलं की ते करूनच दाखवायचं.

उपाय असा होता, आणि कुणावर वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो. जुन्या होस्टवर नवीन व्हीएम बनवायची, कंपॅटिबिलिटी ६.५ निवडायची, म्हणजे १३, आणि नवीन डिस्क न देता रेप्लिकेट झालेली व्हीएमडीके (व्हर्च्युअल डिस्कची) फाइलच जोडायची. ऐकायला पाच मिनिटांचं काम आहे. पण जुनी व्हीएम बायोसवर बूट होत होती की ईएफआयवर हे माहीत पाहिजे, चुकीचं निवडलं तर ओएस बूटच होत नाही. स्कझी (डिस्क जोडणारा) कंट्रोलर तोच पाहिजे, एलएसआयचा होता की पॅराव्हर्च्युअल, कारण विंडोजमध्ये बूट डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसेल तर सरळ निळी स्क्रीन. एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर कोणती कोणत्या नंबरवर होती तो क्रम पाहिजे. आणि हे सगळं करून व्हीएम उठली तरी नेटवर्क कार्ड नवीन, त्यामुळे विंडोज म्हणतं हे मी कधी पाहिलेलं नाही, आणि स्टॅटिक आयपी जुन्या कार्डाला चिकटून राहतो, जे कार्ड आता दिसत नाही पण रजिस्ट्रीत आहे. आयपी टाकायला गेलं की म्हणतं हा दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे. ते लपलेलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये हिडन डिव्हाइस दाखवून काढावं लागतं. त्यात काही विंडोज सर्व्हरवर डेटाच्या डिस्क ऑफलाइन येतात, सॅन पॉलिसी या विंडोजच्याच सेटिंगमुळे, त्या डिस्कपार्टमधून ऑनलाइन कराव्या लागतात.

यातली बरीचशी माहिती त्या व्हीएमएक्स फाइलमध्येच होती म्हणून आम्ही वाचलो, नोटपॅडमध्ये उघडून एकेक ओळ वाचत नवीन व्हीएम बांधत गेलो. पहाटे साडेचारला शेवटची उठली. ठरलेला वेळ चार तासांचा होता, आम्हाला साडेसात लागले. आणि ड्रिल होतं म्हणून साडेसातच, खऱ्या प्रसंगात फोनवर शंभर माणसं असतात आणि कुणाचं तरी पेन्शन, कुणाच्या तरी हॉस्पिटलचं बिल त्या डेटाबेसवर अडकलेलं असतं.

कुणीतरी विचारेलच की व्हीएमएक्स फाइलमध्ये १४ चं १३ करून का नाही टाकलं. करता येतं, आणि बऱ्याचदा व्हीएम उठतेही, मी लॅबमध्ये केलंय. पण फाइलमध्ये नव्या व्हर्जनच्या हिशोबाने लिहिलेल्या बाकीच्या ओळी तशाच राहतात, सपोर्टवाले याला हात लावत नाहीत, आणि प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर मी तो प्रयोग करणार नाही. अपग्रेडच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) असेल तर तो रिव्हर्ट केला की व्हर्जनही मागे जातं, कारण स्नॅपशॉटमध्ये कॉन्फिगरेशनही असतं, पण तीन महिन्यांपूर्वीचा स्नॅपशॉट कोण ठेवणार, आणि ठेवू पण नये.

हाच प्रकार छोट्या रूपात रोज भेटतो. डेव्हलपर आपल्या लॅपटॉपवर वर्कस्टेशन १५ मध्ये व्हीएम बनवतो, ती डिफॉल्ट १६ ची होते, मग ओव्हीए (अख्खी व्हीएम एका फाइलमध्ये पॅक) करून पाठवतो आणि आपल्याकडे ६.७ वर इम्पोर्ट करताना अनसपोर्टेड हार्डवेअर फॅमिली असा एरर येतो. तिथे उपाय सोपा आहे, वर्कस्टेशनमध्येच चेंज हार्डवेअर कंपॅटिबिलिटी आहे, तिथून जुन्या व्हर्जनचा क्लोन काढून पाठवायला सांगा. तो डेव्हलपर सोडून गेलेला असेल तर ओव्हीए उघडून आतल्या ओव्हीएफ फाइलमध्ये व्हर्जनचा आकडा बदलता येतो, पण सोबत एक मॅनिफेस्ट फाइल असते त्यात ओव्हीएफचा चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) असतो, तो पण बदलावा लागतो किंवा ती फाइल काढून टाकावी लागते, नाहीतर इम्पोर्ट म्हणतं फाइलशी छेडछाड झालीय.

आणखी जुनी एक आठवण, ईएसएक्सआय ५.५ आलं तेव्हाची. छोट्या ऑफिसांमध्ये फुकटचं ईएसएक्सआय एकाच सर्व्हरवर टाकलेलं असायचं, व्हीसेंटर नाही. त्यांनी हौसेने व्हीएम व्हर्जन १० वर नेल्या आणि मग विंडोजवरचा जो जुना व्हीस्फिअर क्लायंट होता तो १० च्या व्हीएमची सेटिंगच बदलू देईना, म्हणे वेब क्लायंट वापरा, आणि वेब क्लायंटला व्हीसेंटर लागायचं. साधी रॅम वाढवता येईना. पुढे ५.५ अपडेट २ मध्ये हे थोडं सैल केलं, आणि ६.० अपडेट २ पासून होस्टवरच ब्राउझरमधून चालणारा क्लायंट मिळाला तेव्हा तो त्रास संपला. तेव्हापासून मला वाटतं की व्हर्जन वाढवायच्या आधी फक्त होस्ट नाही तर ज्या हत्यारांनी आपण व्हीएम सांभाळतो तीही बघावी, बॅकअपचं सॉफ्टवेअर धरून. बॅकअप तर विशेष, कारण जुन्या होस्टवर रिस्टोअर करायची वेळ आली की वरची नागपूरचीच कथा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल मग हात लावूच नये, व्हर्जन ८ ची व्हीएम ८ वरच मरू दे. तेही चूक आहे, आणि ते मला जानेवारी २०१८ मध्ये कळलं. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष बाहेर आले तेव्हा आम्ही होस्टला पॅच लावले, विंडोजला पॅच लावले, आणि तपासणी केली तर काही व्हीएममध्ये संरक्षण चालूच झालेलं नाही. कारण प्रोसेसरची ती नवी फीचर्स आतल्या ओएसला दिसायला व्हीएम निदान व्हर्जन ९ ची लागत होती, आणि आमच्याकडे सातच्या, आठच्या कितीतरी पडलेल्या. शिवाय परफॉर्मन्स कमी पडू नये यासाठी लागणारं पीसीआयडी हे फीचर व्हर्जन ११ पासून मिळत होतं. आणि यातली सगळ्यात न कळणारी गोष्ट म्हणजे रीस्टार्ट करून उपयोग नव्हता, व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करावी लागत होती, कारण विंडोजच्या आतून रीस्टार्ट केलं तरी होस्टच्या लेखी ती व्हीएम चालूच असते, ते सोंग तेच राहतं, आणि प्रोसेसरची फीचर्स फक्त पॉवर ऑन होताना ठरतात. पुढे व्हीएमवेअरने एक सेटिंग दिलं की पुढच्या रीबूटलाच आपोआप पॉवर सायकल (पूर्ण बंद करून परत चालू) कर, ते फार कामाचं आहे.

म्हणजे कारण असेल तर जरूर वाढवा. विंडोज ११ साठी व्हर्च्युअल टीपीएम (सुरक्षेची चिप) पाहिजे, तर १४ लागतंच. एनव्हीएमई कंट्रोलर किंवा सिक्युअर बूट पाहिजे, तर १३. खूप मोठी व्हीएम आहे, २५६ पेक्षा जास्त सीपीयू किंवा सहा टीबीपेक्षा जास्त रॅम, तर १८ किंवा त्याच्या पुढचं. कारण काय असं विचारल्यावर उत्तर "नवीन आहे म्हणून" असेल तर मी थांबवतो.

करायचं ठरलं की माझी पद्धत अशी. पहिल्यांदा एक कागद घेऊन ही व्हीएम कुठे कुठे चालायची शक्यता आहे ते लिहायचं: हा क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या होस्टचा गट), डीआर, टेस्ट लॅब, क्लाउडमध्ये जिथे नेणार असाल ते, आणि ते जुने दोन होस्ट जे कुणीतरी "असू दे" म्हणून ठेवलेत. त्यात सगळ्यात जुनं जे असेल ते आपलं छत. मग टूल्स (व्हीएमच्या आत बसवायचं व्हीएमवेअर टूल्स) आधी, हार्डवेअर नंतर, हा क्रम उलटा करू नका, कारण नव्या सोंगातल्या डिव्हाइसचे ड्रायव्हर टूल्समध्ये येतात आणि ते आधी आत नसतील तर नेटवर्क जातं. आयपी, गेटवे, डीएनएस, डिस्कचा क्रम यांचे स्क्रीनशॉट. मग व्हीएम बंद, स्नॅपशॉट, अपग्रेड, चालू, अॅप्लिकेशनवाल्याकडून तपासणी, आणि तो हो म्हणाला की स्नॅपशॉट त्याच आठवड्यात डिलीट. डोमेन कंट्रोलर (विंडोज नेटवर्कचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) असेल तर एका वेळी एकच, आणि स्नॅपशॉटच्या भरवशावर तर अजिबात नाही. जुन्या लिनक्सवर नेटवर्क कार्डाचं नाव ईटीएच० चं ईटीएच१ होणं बघितलंय, यूडेव्हची (डिव्हाइसना नावं देणाऱ्या लिनक्सच्या भागाची) रूल फाइल जुन्या कार्डाचं नाव धरून बसते, तेही आधी बघून ठेवा.

आणि एक सेटिंग आहे ज्याकडे कुणी लक्ष देत नाही, क्लस्टरवर किंवा डेटासेंटरवर डिफॉल्ट व्हीएम कंपॅटिबिलिटी. ते ठरवून ठेवलं नाही तर नवीन बनवलेली प्रत्येक व्हीएम होस्टच्या सगळ्यात वरच्या व्हर्जनची जन्माला येते, म्हणजे तुम्ही जुन्या कितीही सांभाळा, नवीन येतच राहणार. आम्ही नागपूरच्या दुसऱ्याच दिवशी ते सेट केलं, आणि पॉवरसीएलआयची (व्हीएमवेअरला कमांडने काम सांगायच्या हत्याराची) एक छोटी स्क्रिप्ट लावली जी रोज सकाळी सगळ्या व्हीएमची व्हर्जन काढते आणि छताच्या वर कुणी गेलं असेल तर मेल टाकते.

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यापासून लायसन्सच्या खर्चामुळे बरेच जण दुसरीकडे निघालेत, त्यांनाही सांगतो, हा विषय तिथेही पाठ सोडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही मध्ये त्याला कॉन्फिगरेशन व्हर्जन म्हणतात, विंडोज सर्व्हर २०१२ आर२ ला ५.०, २०१६ ला ८.०, २०१९ ला ९.०, २०२२ ला १०.०, आणि तिथेही वाढवलं की मागे येता येत नाही. लिनक्सच्या केव्हीएमवर मशीन टाइप असतो, तिथेही जुन्या क्यूईएमयूला (केव्हीएमसोबत हे सोंग उभं करणाऱ्या प्रोग्रामला) नवा टाइप कळत नाही. नाव वेगळं, प्रश्न तोच.

तर त्या मुलीला मी काय सांगितलं. आमच्या डीआरचे होस्ट आज ७.० अपडेट ३ वर आहेत, म्हणजे छत १९. साठातल्या चौदा व्हीएमना खरंच कारण आहे, त्या १९ वर न्यायच्या, एका रविवारी चार-पाच करत. बाकीच्या १३ वर उत्तम चालल्यात, त्या तशाच. तिने यादी करून आणली, आणि त्यात स्वतःहून एक जास्तीचा कॉलम टाकला, शेवटची पॉवर सायकल कधी झाली तो, जो माझ्या यादीत कधीच नव्हता. पुढचं ड्रिल दिवाळीनंतर आहे, या वेळी नागपूरला ती बसणार आहे.